मॅनेजरला नारळ मिळाला, आता पुढचा कोण? वादात उतरणाऱ्या नव्या फॅन्ससाठी

क्लबने मॅनेजरला नारळ दिला की दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल येतो. पाच-सहा नावं, त्यात एखादं जुन्या लाडक्या प्लेयरचं, एखादं पोर्तुगाल किंवा हॉलंडमधल्या कोचचं जे निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं, आणि मग रात्री दीड वाजेपर्यंत धुमश्चक्री. ज्याने दोन-तीन वर्षांपूर्वीच फुटबॉल बघायला सुरुवात केलीय त्याची इथे पंचाईत होते, कारण बाकीचे एकदम सिस्टीम, रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की कॉन्ट्रॅक्टमधून सुटका), स्पोर्टिंग डायरेक्टर (क्लबसाठी प्लेयर आणायचं काम बघणारा) वगैरे बोलायला लागतात आणि हा बिचारा कोणाच्या बाजूने बोलायचं तेच ठरवू शकत नाही.

मी मँचेस्टर युनायटेडवाला. २०१३ मध्ये आमचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून हा वाद आमच्याकडे जवळजवळ कायम चालूच आहे, त्यामुळे कुठला मुद्दा टिकतो आणि कुठला दोन महिन्यांत हवेत विरतो हे बऱ्यापैकी कळलंय. उदाहरणं बरीचशी युनायटेडची येतील, पण पद्धत कुठल्याही क्लबला लागू पडते, आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटीला आणि एफसी गोवालासुद्धा. माझं म्हणणं एकच आहे: आधी जागा नीट बघा, मग माणूस. बहुतेक लोक उलटं करतात.

लागणाऱ्या गोष्टी

- तुमच्या संघाची पूर्ण यादी: वय, पोझिशन आणि कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय. ट्रान्सफरमार्क्ट या वेबसाइटवर हे सगळं फुकट मिळतं.
- क्लबमध्ये निर्णय कोण घेतं त्याची माहिती: मालक, सीईओ, स्पोर्टिंग डायरेक्टर. क्लबच्या वेबसाइटवर नावं असतात.
- ज्याच्याबद्दल बोलायचंय त्या कोचच्या किमान तीन पूर्ण मॅचेस. हायलाइट्स चालणार नाहीत.
- एक्सजीचे आकडे (अर्थ सहाव्या पायरीत) बघायला अंडरस्टॅट ही वेबसाइट. पण तिथे इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि रशियाच्याच लीग आहेत, पोर्तुगाल-हॉलंड नाही, हे आधीच लक्षात ठेवा.
- तुमच्या क्लबचं पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक.
- फोनमध्ये एक नोट, जिच्यात तारखेसकट तुमचं मत लिहाल.

१. जागा का आणि कधी रिकामी झाली ते आधी लिहा

हे सगळ्यात सोपं काम आहे आणि कोणीच करत नाही. मॅनेजर स्वतःहून गेला की काढला, सीझनच्या मधेच की उन्हाळ्यात, यावरून अर्धी यादी आपोआप कटते.

क्लॉपने २६ जानेवारी २०२४ ला सांगून टाकलं की सीझन संपला की मी लिव्हरपूल सोडणार. म्हणजे क्लबच्या हातात चार महिने होते, शांतपणे शोधायला, आणि जगातला जवळजवळ कुठलाही कोच उन्हाळ्यात मिळू शकत होता. याउलट युनायटेडने टेन हागला काढलं २८ ऑक्टोबर २०२४ ला, नऊ लीग मॅचेसनंतर, संघ चौदाव्या नंबरवर असताना. आणि हे कधी, तर जुलैमध्ये त्याचंच कॉन्ट्रॅक्ट वाढवून झाल्यावर. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्हाला कोण मिळणार? एकतर घरी बसलेला कोच, नाहीतर जो चालू सीझन सोडून यायला तयार आहे आणि ज्याचा क्लब पैसे घेऊन सोडायला तयार आहे. टेन हागच्या जागी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमधून आलेल्या रुबेन अमोरिमने नंतर उघडपणे सांगितलं की त्याला सीझन संपल्यावर यायचं होतं, पण युनायटेडला तो तेव्हाच हवा होता.

तर नोटमध्ये पहिली ओळ ही लिहा: "जागा अमुक तारखेला, अमुक कारणाने रिकामी, पुढची ट्रान्सफर विंडो इतक्या आठवड्यांनी." विंडो म्हणजे प्लेयर घ्यायची-विकायची ठरलेली मुदत. मग कोणी ग्रुपवर एखादं भारी नाव टाकलं की या ओळीवर घासून बघा.

२. वरती कोण बसलंय ते बघा

माझ्या मते अख्ख्या वादातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

फर्ग्युसन १९८६ ला आले आणि २७ सीझन राहिले, १३ लीग टायटल्स जिंकले. त्यांच्या काळात कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. ते गेले त्याच उन्हाळ्यात सीईओ डेव्हिड गिलसुद्धा गेले आणि ट्रान्सफरचं सगळं एड वुडवर्डकडे आलं, जे त्या कामात नवीन होते. फर्ग्युसनच्या जागी मोयेस आले एव्हर्टनहून, सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन. त्या उन्हाळ्यात आलेला एकमेव मोठा प्लेयर म्हणजे मोयेसच्याच जुन्या क्लबमधला फेलायनी, तोही शेवटच्या दिवशी आणि त्याचा आधीचा रिलीज क्लॉज उलटून गेल्यावर त्याहून जास्त पैसे मोजून. आम्ही सगळे तेव्हा "मोयेस की मोरिन्यो" यावर भांडत होतो, पण मोयेस ज्या खुर्चीत बसले ती फर्ग्युसनची खुर्ची राहिलीच नव्हती. एप्रिल २०१४ ला त्यांना काढलं, संघ सातवा आला.

आजकाल बऱ्याच ठिकाणी पदाचं नावच हेड कोच असतं. क्लॉपच्या जागी स्लॉट लिव्हरपूलला आला तो हेड कोच म्हणून, अमोरिमसुद्धा युनायटेडला हेड कोच म्हणूनच. याचा अर्थ प्लेयर आणायचं काम मुख्यतः स्पोर्टिंग डायरेक्टरचं, कोचने ट्रेनिंग आणि मॅच बघायची, चर्चेत त्याचं मत असतं पण सही त्याची नसते. आता ज्या मॅनेजरला सगळं स्वतःच्या हातात लागतं, त्याला अशा क्लबमध्ये आणलं तर पहिल्याच विंडोत वाजणार. म्हणून नाव घेण्याआधी बघा की तुमच्या क्लबला कुठल्या प्रकारचा माणूस चालतो.

घरचं उदाहरण द्यायचं तर मुंबई सिटी. २०१९ ते २०२५ क्लबमध्ये मोठा हिस्सा सिटी फुटबॉल ग्रुपचा होता, जो मँचेस्टर सिटी आणि मेलबर्न सिटीचाही मालक. डेस बकिंगहॅम २०२१ ला आले ते मेलबर्न सिटीच्या स्टाफमधून. ते २०२३ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, तर त्यांच्या जागी पेट्र क्रात्की आले, तेही मेलबर्न सिटीच्याच स्टाफमधून, आणि त्याच सीझनला आयएसएल कप जिंकला. म्हणजे त्या काळात मुंबई सिटीच्या फॅनने नुसती युरोपातली मोठी नावं काढून भांडण्याआधी ग्रुपच्या बाकीच्या क्लबांमध्ये असिस्टंट कोण आहेत ते बघायला हवं होतं, शोध बहुधा तिथूनच सुरू व्हायचा.

सापळा: "आपल्या क्लबला फक्त एक कडक मॅनेजर पाहिजे." वरचा कारभार गोंधळाचा असेल तर कडक माणूससुद्धा तिथेच अडकतो. मोयेसनंतर आलेले व्हान गाल कडक होते, मोरिन्यो कडक होते, दोघंही ट्रॉफी जिंकले आणि दोघांनाही काढलं, व्हान गालना तर २०१६ चा एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत.

३. हातात असलेला संघ मांडून बघा

संघाची यादी समोर घ्या आणि कागदावर मैदान काढून प्रत्येक पोझिशनला दोन-दोन नावं लिहा. त्यापुढे वय आणि कॉन्ट्रॅक्टचं वर्ष. अर्धा तास लागतो, पण यानंतर तुम्ही ग्रुपमधल्या नव्वद टक्के लोकांपेक्षा ठोस बोलू शकाल.

मे २०१३ मध्ये चॅम्पियन युनायटेडची अशी यादी केली असती तर काय दिसलं असतं बघा: फर्डिनंड, व्हिडिच, एव्हरा तिशी ओलांडलेले, गिग्ज चाळिशीला टेकलेला, कॅरिक एकतीसचा, व्हान पर्सी तिशीला आलेला. लीग अकरा पॉइंटच्या फरकाने जिंकलेला संघ, पण वर्षभरात डिफेन्स नव्याने उभारावा लागणार हे त्या कागदावर स्पष्ट होतं. आणि तसंच झालं, पुढच्या उन्हाळ्यात फर्डिनंड, व्हिडिच, एव्हरा तिघंही गेले आणि गिग्जने रिटायरमेंट घेतली. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा होता की पाच नवीन प्लेयर घेऊन नवा संघ बांधलेला अनुभव कोणाकडे आहे.

मग उमेदवार कसा खेळवतो ते या कागदावर ठेवा. अमोरिम स्पोर्टिंगमध्ये तीन सेंटर बॅक (मधले डिफेंडर) आणि दोन विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे डिफेंडर) घेऊन खेळवायचा. युनायटेडचा संघ बनलेला होता बॅक फोरसाठी (मागे चार डिफेंडर), वर रॅशफोर्ड, गार्नाचो, अँटनी असे विंगर, आणि डावीकडे विंगबॅक म्हणून सलग खेळू शकेल असा फिट माणूसच नव्हता, ल्युक शॉ सतत जखमी. शेवटी जानेवारी २०२५ च्या विंडोत लेच्चेहून डोर्गूला घ्यावं लागलं. अमोरिमची पहिली मॅच २४ नोव्हेंबरला इप्सविचला, १-१, त्याआधी बरेच प्लेयर आपापल्या देशांकडून खेळायला गेलेले त्यामुळे पूर्ण संघासोबत ट्रेनिंग म्हणाल तर नावालाच. तो सीझन पंधराव्या नंबरवर संपला, ४२ पॉइंट. कोच वाईट होता की संघ, यावर लोक अजून भांडतात, पण दोघांचा मेळ बसत नव्हता हे विंगबॅकच्या रिकाम्या चौकटीतच दिसत होतं.

आता लिव्हरपूल बघा. स्लॉटने क्लॉपचाच संघ घेतला, त्या उन्हाळ्यात लगेच खेळायला आलेला नवा प्लेयर एकच, किएझा. सुबिमेंडी डिफेन्सिव्ह मिडफिल्डला हवा होता, तो नाही म्हणाला, तर ग्रावेनबर्खला त्या जागी बसवलं, जो आधी संघात असून नसल्यासारखा होता. बॅक फोर तोच, सालाह तोच, वेग थोडा कमी करून बॉल जास्त ताब्यात. २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ हरवून चार मॅच बाकी असतानाच लीग जिंकली.

म्हणून ग्रुपवर विचारायचा नेमका प्रश्न हा: "हा कोच आला तर पहिल्या दिवशी संघातले किती जण आपापल्या जागेवर खेळू शकतील, आणि किती नवीन लागतील?" ज्याला उत्तर देता येतं त्याच्याशी वाद घाला, मजा येते.

आणखी एक. कोच एकटा येत नाही, पाठोपाठ त्याचे प्लेयर येतात. कोच लोबेरा एफसी गोवाहून मुंबई सिटीला आला तर जाहू, मोर्तादा फॉल, बूमूस आणि आपला गोव्याचा मंदार राव देसाई असे चौघं त्याच्या मुंबईत दिसले, आणि २०२०-२१ ला लीग शील्ड (लीगमध्ये पहिल्या नंबरची ट्रॉफी) आणि कप दोन्ही घेतले, सेमीफायनलमध्ये गोवालाच पेनल्टीवर हरवून. तिथे हे जमलं. टेन हागने अयाक्समधले असेच जुने चेहरे आणले, त्यात लिसांद्रो मार्टिनेझ उपयोगी पडला, पण अँटनीसाठी साधारण ९५ मिलियन युरो गेले. तेव्हा उमेदवाराच्या जुन्या संघातले कोण येऊ शकतात, त्यांचं वय आणि किंमत काय, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

४. यादी छाटा

आता नावं काढा, आठ-दहा चालतील. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: सध्या कुठे आहे, कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत, सोडायला किती पैसे लागतील. रिलीज क्लॉज असेल तर रक्कम ठरलेली असते, नसेल तर दोन क्लबांची घासाघीस. पैसे भरले तरी नोटीस पिरियड असतोच, अमोरिमच्या वेळी स्पोर्टिंगने त्याला लगेच सोडलं नाही, तो ११ नोव्हेंबरला आला आणि तोवर चार मॅच व्हान निस्टलरॉयने सांभाळल्या. जुन्या मॅनेजरला काढायचा खर्च वेगळाच, टेन हाग आणि त्याच्या स्टाफला काढायला युनायटेडला एक कोटी पौंडांच्या वर गेले. हे पैसे पुढच्या विंडोत प्लेयरवर खर्च होऊ शकले असते, म्हणून "काढा त्याला, काय होतंय" म्हणताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याला यायचंय का? २०२४ ला लिव्हरपूलवाल्यांना झाबी अलोन्सोच हवा होता. स्वाभाविकच होतं ते, जुना प्लेयर, इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये गोल केलेला, आणि लेव्हरकुसेन त्या वर्षी बुंडेसलीगात एकही मॅच न हरता जिंकत होतं. २९ मार्चला त्याने सांगितलं की मी लेव्हरकुसेनमध्येच राहणार. ज्यांनी दोन महिने फक्त त्याच एका नावावर घालवले होते त्यांच्याकडे नंतर बोलायला काहीच नव्हतं. स्लॉट फेयेनूर्डमध्ये बसलेला होता, २०२२-२३ ला हॉलंडची लीग जिंकलेला, पण त्याच्या मॅचेस बघितलेले फार थोडे. तेव्हा पहिल्या पसंतीसोबत दुसरी-तिसरी पसंतीही तयार ठेवा.

प्रसिद्धीवरून नाव कापू नका. वेंगर १९९६ मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पसहून आर्सेनलला आले तेव्हा लंडनच्या पेपरात "आर्सेन कोण?" असं हेडिंग होतं. पहिल्याच पूर्ण सीझनला, १९९७-९८ ला, त्यांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले.

५. तीन पूर्ण मॅचेस बघा

कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबाची मॅच शाहू स्टेडियमवर बघणाऱ्या माणसाला दोन्ही संघांतला प्रत्येक पोरगा कुठे धावतो, कुठे दमतो ते माहीत असतं, कारण तो नव्वद मिनिटं समोर उभा असतो. आपण परदेशातल्या कोचबद्दल बोलतो ते पाच मिनिटांच्या व्हिडिओवरून. हा फरक भरून काढायचा एकच मार्ग म्हणजे पूर्ण मॅच. एक मोठ्या संघाविरुद्ध, एक तळाच्या संघाविरुद्ध घरी, आणि एक हरलेली.

बघताना बॉलमागे धावू नका, या गोष्टी टिपा:

- गोल किकला संघ कसा उभा राहतो? जवळ पास देतात की लांब मारतात?
- बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत किती जण पुढे दाबायला जातात?
- १-० पुढे असताना साठाव्या मिनिटानंतर डिफेन्सची लाइन किती मागे सरकते?
- पहिला बदल कधी करतो आणि का? हरत असताना फक्त स्ट्रायकर वाढवतो की आकार बदलतो?
- समोरचा संघ दहा जण मागे घेऊन बसला तर यांच्याकडे काय उत्तर आहे?

शेवटचा मुद्दा मोठ्या क्लबसाठी फार मोलाचा, कारण मोठ्या क्लबसमोर अर्ध्याहून जास्त संघ तसेच बसतात.

एक मॅच जवळून सांगतो. ५ नोव्हेंबर २०२४, स्पोर्टिंग विरुद्ध मँचेस्टर सिटी, चॅम्पियन्स लीग. अमोरिम युनायटेडला येणार हे जाहीर झालेलं, आणि स्पोर्टिंगने सिटीला ४-१ धुतलं. आमच्याकडे नुसता जल्लोष. पण मॅच पूर्ण बघा. चौथ्या मिनिटाला फोडेनचा गोल, पहिला हाफ बराचसा सिटीचा, बॉल जवळजवळ पूर्ण वेळ त्यांच्याकडे. स्पोर्टिंग मागे बसून राहिलं आणि बॉल मिळाला की थेट स्ट्रायकर ग्योकेरेशच्या पळण्यावर. ३८ व्या मिनिटाला त्याने बरोबरी केली, दुसरा हाफ सुरू होताच अराउहोचा गोल, लगेच पेनल्टी, ३-१. हालांडने पेनल्टी बारवर मारली, नाहीतर ३-२ झालं असतं. शेवटी आणखी एक पेनल्टी, ग्योकेरेशची हॅटट्रिक. उत्तम प्लॅन, शंकाच नाही. पण त्यातून नोटमध्ये लिहायची ओळ अशी: हा प्लॅन चालायला पुढे एकटा दोन डिफेंडरना ओढत नेणारा स्ट्रायकर लागतो, आणि आपल्याकडे तेव्हा स्ट्रायकर होते हॉयलुंड आणि झिर्कझे. स्कोअर बघून हे कळत नाही.

६. आकडे वापरा, पण संदर्भासकट

एक्सजी म्हणजे मिळालेल्या संधी किती दर्जाच्या होत्या त्याचा अंदाज. कोचच्या दोन-तीन सीझनचा एक्सजी फरक बघा, म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या संधींमधलं अंतर. पॉइंट खूप आणि हा फरक कमी असेल तर नशिबाचा किंवा गोलकीपरचा हात मोठा आहे. पॉइंट कमी आणि फरक चांगला असेल तर तो कोच पुन्हा बघण्यासारखा आहे.

विन पर्सेंटेज एकट्याने वापरू नका. पोर्तुगालमध्ये तीन मोठे क्लब बाकीच्यांना बहुतेक वेळा हरवतातच, तिथली टक्केवारी थेट इंग्लंडला लावता येत नाही. आणि क्लब बदलला की काम बदलतं. ग्रॅहम पॉटरने ब्रायटनला २०२१-२२ ला नववं आणलं, चेल्सीने त्याला सप्टेंबर २०२२ ला नेलं, मग जानेवारीच्या एकाच विंडोत आठ नवीन प्लेयर त्याच्यापुढे आणून टाकले. ३१ मॅचेस, १२ विजय, एप्रिलमध्ये बाहेर. ब्रायटनमधले त्याचे आकडे खरेच होते, पण ते ब्रायटनच्या शांत कारभारातले होते. इथे पुन्हा दुसरी पायरी आठवा.

७. इंटरिमच्या (काळजीवाहू मॅनेजरच्या) मोहापासून सावध

मॅनेजर काढतात तेव्हा संघ बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत असतो. त्यानंतर कोणीही आलं तरी थोडं वर येणारच, दुखापतीतले परततात, सोप्या मॅचेस येतात, प्लेयर जोर लावतात. यालाच लोक नव्या मॅनेजरची जादू म्हणतात.

सोलशायर डिसेंबर २०१८ ला युनायटेडला काळजीवाहू म्हणून आला. पहिल्या आठही मॅचेस जिंकल्या, मार्चमध्ये पॅरिसला ३-१ हरवून चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे, एकूण १९ पैकी १४ विजय. सगळीकडून एकच आवाज, याला पर्मनंट करा. २८ मार्चला केलं. त्यानंतर सीझनमध्ये उरलेल्या १० मॅचेसपैकी जिंकल्या फक्त २, घरच्या शेवटच्या मॅचला आधीच खाली गेलेल्या कार्डिफकडून ०-२. त्याने नंतर २०२०-२१ ला संघ दुसऱ्या नंबरवर आणला, तेव्हा माणूस टाकाऊ होता असं मी अजिबात म्हणणार नाही. पण निर्णय दोन महिने थांबून, मे महिन्यात, बाकीच्या उमेदवारांसोबत तुलना करून घेता आला असता. चेल्सीच्या दी मात्तेओने २०१२ ला इंटरिम असताना चॅम्पियन्स लीग जिंकली, पर्मनंट झाला, नोव्हेंबरमध्ये गेला.

इंटरिमच्या मॅचेस आल्या की वेळापत्रक काढा आणि समोरचे संघ कुठल्या नंबरवर आहेत ते लिहा. त्यावर बोला.

इथलाच दुसरा सापळा म्हणजे उलट्या टोकाला पळणं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, असं होतं. कडक मॅनेजर गेला की लोकांना मायाळू हवा, मायाळू गेला की शिस्तीचा, शिस्तीचा गेला की तरुण. मागच्याचे दोष नसलेला माणूस शोधताना त्याचे स्वतःचे गुण तपासायचे राहून जातात.

८. बातम्या कशा वाचायच्या

थोडक्यात सांगतो.

- क्लबच्या जवळचे, ज्यांची बातमी सहसा खोटी ठरत नाही असे दोन-तीन पत्रकार निवडा. इंग्लंडसाठी डेव्हिड ऑर्नस्टीन हे एक नाव. फाब्रिझिओ रोमानोचं "हिअर वी गो" आलं म्हणजे बोलणी संपत आली असं समजायला हरकत नाही, पण "संपर्क झाला", "यादीत आहे" अशा शब्दांना फार वजन देऊ नका.
- बेटिंगचे भाव म्हणजे बातमी नाही. मॅनेजरच्या बाजारात पैसा कमी असतो, थोडे पैसे लागले तरी भाव हलतो, आणि मग "फेव्हरिट झाला" म्हणून बातमी येते.
- एजंट स्वतःच्या कोचचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेण्यासाठीही नाव सोडतात. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय त्याची बातमी दोनदा तपासा.
- नावावर बनवलेली खोटी अकाउंट्स खूप असतात. फॉरवर्ड करण्याआधी हँडल पूर्ण वाचा.

९. आता ग्रुपवर बोला

एका मेसेजमध्ये एकच उमेदवार घ्या. त्यात चार ओळी पुरतात: तो आत्ता मिळू शकतो का, आपल्या स्पोर्टिंग डायरेक्टरसोबत त्याचं जमेल का, संघातले किती जण त्याच्या पद्धतीत बसतात, आणि त्याची सगळ्यात मोठी कमजोरी कोणती. स्वतःच्या आवडत्या उमेदवाराची कमजोरी स्वतःच लिहिली की समोरचाही सरळ बोलायला लागतो, हे मी अनेकदा बघितलंय. पोल टाकायचा असेल तर या चर्चेनंतर टाका, आधी टाकला तर लोक आपल्या मताला चिकटून बसतात.

प्लेयरच्या किंवा कोचच्या घरच्यांवर जाणारा मेसेज आला तर तिथल्या तिथे थांबवा, मग तो ग्रुपमधल्या कितीही जुन्या दादाचा असो.

आणि "आपल्या बोलण्याने काय फरक पडतो" असं कोणी म्हणालं तर जून २०२१ चं टॉटनहॅम सांगा. गाटुझोशी बोलणी चालू असल्याचं कळलं आणि त्याच्या जुन्या वक्तव्यांवरून फॅन्सनी इतका विरोध केला की क्लबने बोलणी थांबवली. २०२४ मध्ये मिलानच्या फॅन्सनी लोपेतेगीच्या नावाला असाच विरोध केला आणि क्लबने शेवटी फोन्सेकाला घेतलं. मालक लोक वाचतात. म्हणूनच आपण काय लिहितो ते नीट तपासलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

१०. नेमणूक झाल्यावर

कोणाच्या तरी गळ्यात माळ पडली की नोट बंद करू नका. तुम्हाला हवा होता की नाही ते तारखेसकट लिहा, कारणं लिहा, आणि खाली तीन तपासणीच्या वेळा टाका: दहावी लीग मॅच, पहिली ट्रान्सफर विंडो बंद झाल्याचा दिवस, आणि त्याची स्वतःची पहिली प्री-सीझन संपल्यावर दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी तेच प्रश्न: गोल किकला काय बदललं, किती जण आपापल्या जागेवर खेळतायत, एक्सजी फरक कुठे गेला, आणि वरच्या लोकांनी त्याला जे प्लेयर द्यायचं म्हटलं होतं ते दिले का. मधल्या काळात कोणी "काढा याला" म्हणालं तर त्याच्याकडेही आधी हीच नोट मागा.